मणक्यांवर वाढलेलं हाड, अडकणारा घास आणि ऑपरेशन : माझा अनुभव

मला डिश नावाचा आजार आहे. पूर्ण नाव डिफ्यूज इडिओपॅथिक स्केलेटल हायपरोस्टोसिस. जुन्या पुस्तकांत तो फॉरेस्टिये डिसीज म्हणून सापडतो, कारण फ्रान्सचे डॉ. जाक फॉरेस्टिये आणि त्यांचे स्पॅनिश सहकारी रोटेस-केरोल यांनी १९५० साली त्याचं नीट वर्णन केलं. यात होतं काय, तर आपल्या कण्याच्या पुढच्या अंगाने कवटीच्या तळापासून पार खाली कमरेपर्यंत लिगामेंटचा, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट ऊतीचा, एक लांब पट्टा असतो, त्या पट्ट्याचंच हळूहळू हाड व्हायला लागतं आणि एक मणका दुसऱ्याला जोडला जातो. आजार फार दुर्मिळ वगैरे नाही, पन्नाशीनंतर आणि त्यातही पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतो, पण खूप जणांना काहीच त्रास होत नाही आणि छातीचा एक्सरे भलत्याच कारणासाठी काढला की त्यात तो दिसतो. त्यामुळे यावर बोलणारं माणूस सहज भेटत नाही. मला त्रास झाला, तोही पाठीत कमी आणि घशात जास्त, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात पाठीपासूनच झाली. सकाळी उठलं की पाठीचा मधला भाग, खांद्यांच्या खाली, अवघडलेला असायचा, थोडं फिरलं की सैल व्हायचा आणि संध्याकाळी परत तेच. दुखणं असं काही भयंकर नव्हतं, कळा नाहीत, मुंग्या नाहीत, फक्त वळता यायचं नाही. गाडी रिव्हर्स घेताना मी कमरेपासून पूर्ण वळायचो, बायको म्हणायची अहो मान वळवा ना, सगळं अंग कशाला फिरवताय, तेव्हा कुठे लक्षात आलं की मान वळतच नाहीये. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठ दाबून बघितली, वय विचारलं, साठी जवळ आली म्हणजे स्पॉन्डिलायसिस असणार, मणक्यात गॅप आला असेल, शेक घ्या आणि दुखेल तेव्हा गोळी घ्या. त्याच्याही आधीपासून माझी टाच दुखायची, एक्सरेत टाचेच्या हाडाला टोक आलेलं दिसलं होतं, त्यासाठी मऊ सोलची चप्पल सांगितली होती. कोपराच्या मागे एक टणक उंचवटा होता, त्याकडे तर कोणी बघितलंच नाही. पाठीसाठी एक डॉक्टर, टाचेसाठी दुसरे, शुगरसाठी तिसरे. टाच, कोपर आणि पाठ ही एकाच आजाराची तीन ठिकाणं आहेत हे पुढे बऱ्याच काळाने कळलं. जिथे जिथे लिगामेंट किंवा स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथे तिथे हा आजार हाड वाढवू शकतो, टाच, कोपर, गुडघ्याची वाटी, खुब्याच्या आसपास, कुठेही.

मग घशाचं सुरू झालं. पहिल्यांदा जाणवलं ते शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीने, ती मोठी असते, ती घशात मधेच कुठेतरी थांबायची आणि पाण्याचे दोनतीन घोट घेतल्यावर उतरायची. नंतर कोरडा घास अडकायला लागला. पातळ सगळं व्यवस्थित जायचं, घट्ट आणि कोरडं अडकायचं. मान जरा मागे केली की जास्त अडकायचं आणि हनुवटी खाली घेतली की उतरायचं, हे माझं मलाच सापडलं होतं आणि पुढे प्रत्येक डॉक्टरने हे वाक्य मला परत बोलायला लावलं, म्हणजे ते महत्त्वाचं होतं. जेवताना ठसका लागायचा. आवाज संध्याकाळपर्यंत घोगरा व्हायचा. घोरणं वाढलं होतं. ॲसिडिटी वरपर्यंत येत असेल म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू झाल्या, बरेच दिवस घेतल्या, काडीचा फरक नाही.

वजन कमी व्हायला लागलं. डायबेटिस असल्यामुळे वजन कमी करा असं सगळेच सांगायचे, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना बरंच वाटलं, पण ते कमी व्हायचं थांबेना तेव्हा घरात एक शांतता आली. घट्ट घास अडकणं आणि वजन उतरणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो आणि तो कोणी उच्चारत नाही. मुलगी रात्री फोन करून फक्त एवढंच विचारायची, बाबा आज काय काय खाल्लं. इथे एक ठाम सांगतो, घास अडकत असेल आणि वजन उतरत असेल तर माझ्यासारखं मणक्याचं निघेल असं धरून घरी बसू नका. अन्ननलिकेचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावंच लागतं, आणि ते लवकर बघावं लागतं.

पोटाची दुर्बीण करायची ठरली होती, पण आवाज घोगरा होतो म्हणून त्याआधी ईएनटीकडे पाठवलं, आणि हे माझं नशीब. त्या मॅडमनी नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घातली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. घशाची मागची भिंत एका ठिकाणी पुढे फुगलेली होती, वरची कातडी मात्र एकदम निरोगी, जखम नाही, गाठीसारखं वेडंवाकडं नाही. त्यांनी विचारलं, काका, मान मागे किती जाते, करून दाखवा. जेमतेम गेली. मग म्हणाल्या, हे घशाचं नाही, मागून मणका ढकलतोय असं वाटतंय, आजच मानेचा बाजूने एक्सरे काढून आणा, आणि हा एक्सरे पाहिल्याशिवाय पोटाची दुर्बीण करू नका. कारण हाड पुढे आलेलं असेल तर दुर्बीण आत सरकवताना तिथे अन्ननलिकेला इजा व्हायची भीती असते. नंतर दुर्बीण झाली, पण करणाऱ्या डॉक्टरांना आधी एक्सरे दाखवून, अगदी बारीक स्कोपने आणि हळूहळू. आत काही वाईट निघालं नाही.

तो एक्सरे मी विसरणार नाही. मेणबत्तीवरून मेण ओघळून थिजावं तसं मणक्यांच्या पुढून हाड ओघळलेलं होतं, आणि चौथ्या-पाचव्या मणक्यांसमोर त्याचा चांगला जाड फुगवटा होता, बरोबर जिथून घास वळून खाली जातो तिथे.

तिथून मणक्याच्या सर्जनकडे आणि त्यांनी सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं. हे दुसरं का, तर कणा जोडला जाणारा दुसरा एक आजार आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आणि एक्सरेवर वरवर बघितलं तर दोन्हींत गोंधळ होऊ शकतो. डॉक्टरांनी फार छान समजावलं. तो आजार सूज येण्याचा, तरुणपणी सुरू होतो, कमरेच्या खालच्या एसआय सांध्यांपासून चढत येतो, त्यात एचएलए-बी२७ ही रक्तातून करायची जनुकाची तपासणी बरेचदा पॉझिटिव्ह येते आणि त्यासाठी बायोलॉजिक म्हणजे सूज आवरणारी इंजेक्शनं असतात. डिशमध्ये ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या सहसा नॉर्मल असतात, एसआय सांधे त्या पद्धतीने खराब झालेले नसतात, मणक्यांच्या मागचे छोटे सांधे जुळलेले नसतात आणि मणक्यांमधल्या गाद्यांची उंची शाबूत असते. म्हणजे मला इतके दिवस ज्या गॅपचा शेक चालला होता तो गॅप नव्हताच. डोनाल्ड रेझनिक यांनी १९७६ मध्ये जे निकष मांडले ते अजून वापरतात, त्यात लागून असलेल्या किमान ४ मणक्यांवर हे ओघळतं हाड दिसायला लागतं. माझ्या छातीच्या भागात त्यापेक्षा कितीतरी जास्त मणके जोडलेले निघाले, आणि सगळं हाड उजव्या बाजूला. मी विचारलं उजवीकडेच का, तर म्हणाले डावीकडे महाधमनी असते, तिचे ठोके सतत तिथे बसत असल्यामुळे तिकडे हाड धरत नाही असं मानतात, आणि ज्या माणसांचे अवयव जन्मतः उलट बाजूला असतात त्यांच्यात हे हाड डावीकडे आढळलेलं आहे. आजारपणात असताना सुद्धा मला हे ऐकून थक्क व्हायला झालं. शरीर किती हिशेबाने चालतं.

हाताची पण तपासणी केली. शर्टाची बटणं लावताना अडतं का, अक्षर बदललंय का, चालताना तोल जातो का, मुठी भराभर उघड-मिट करा, मधलं बोट टिचकी मारून अंगठा हलतो का ते पाहिलं. हे सगळं मज्जारज्जूसाठी. कारण मणक्यांच्या मागच्या बाजूलाही एक लिगामेंट असतं, ते थेट मज्जारज्जूला लागून असतं, आणि डिश असलेल्या काही लोकांमध्ये त्याचंही हाड होतं, त्याला ओपीएलएल म्हणतात. तो जास्त धोक्याचा, कारण पुढचं हाड घशाला ढकलतं तर मागचं हाड थेट मज्जारज्जू दाबतं. माझ्या एमआरआयमध्ये आणि सीटीमध्ये मागे काही नव्हतं. ज्यांना मानेचा त्रास आहे आणि वस्तू हातातून निसटतात, बटणं लागत नाहीत, पाय जड पडतात, त्यांनी हे वयावर ढकलू नये एवढंच म्हणेन.

औषध काय, हा अर्थातच पहिला प्रश्न. उत्तर असं की वाढलेलं हाड विरघळवणारं किंवा वाढ थांबवणारं सिद्ध झालेलं औषध नाही. दुखण्यासाठी गोळी, आखडण्यासाठी व्यायाम, शुगर आणि वजन ताब्यात. डायबेटिस टाईप टू, लठ्ठपणा, रक्तातलं वाढलेलं युरिक ॲसिड या सगळ्यांबरोबर डिश जास्त दिसतो, रक्तात इन्सुलिन जास्त राहणं हाडाच्या वाढीला हातभार लावत असावं असं मानतात, पण नक्की कारण अजून सापडलेलं नाही. दुखण्याच्या गोळ्या सुद्धा किडनी बघून, कारण डायबेटिस आहे.

पुढची पायरी होती व्हिडिओ स्वॅलो टेस्ट आणि मला विचाराल तर सगळ्या तपासण्यांमध्ये ही सगळ्यात उपयोगाची. आपल्याला एक्सरे मशीनसमोर बाजूने बसवतात, आधी पातळ बेरियम, म्हणजे एक्सरेत उठून दिसणारं औषध, मग घट्ट, मग बेरियम लावलेला कोरडा तुकडा गिळायला देतात आणि गिळताना आतमध्ये काय होतं त्याची चालती फिल्म निघते. सोबत स्पीच थेरपिस्ट बसलेल्या होत्या. मला वाटायचं स्पीच थेरपी म्हणजे बोलण्याचं काहीतरी, पण गिळणं हे त्यांचंच काम आहे. फिल्ममध्ये मी स्वतः बघितलं, गिळताना श्वासनलिकेवर जे झाकण पडतं ते मागच्या हाडाला टेकत होतं आणि पूर्ण वळतच नव्हतं, त्यामुळे घासाचा काही भाग जिभेच्या मुळाशी असलेल्या खळग्यात साठून राहायचा आणि गिळून झाल्यावर तो हळूच श्वासनलिकेच्या तोंडाशी घसरायचा. ठसका त्याचा होता. थेरपिस्ट म्हणाल्या ठसका येतोय ते चांगलंय, काही लोकांना ठसका येतच नाही आणि अन्न गुपचूप फुफ्फुसात जातं, मग वरचेवर न्यूमोनिया. त्यांनी फिल्म चालू असतानाच मला हनुवटी थोडी खाली घेऊन गिळायला लावलं, एका घासाला दोनदा गिळायला लावलं, मान एका बाजूला वळवून गिळून बघायला लावलं, आणि कशाने जास्त साफ होतंय ते पडद्यावर बघून मगच घरी काय करायचं ते सांगितलं. प्रत्येकाचं हे वेगळं निघतं म्हणे, त्यामुळे माझी युक्ती तुम्ही फिल्म न बघता वापरू नका.

मग बरेच महिने तसंच चाललं. लहान घास, मऊ आणि ओलसर, जेवताना बोलायचं नाही, टीव्ही बंद, जेवण झाल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारून त्यातल्या काही लहान गोळीत किंवा पातळ औषधात बदलून घेतल्या. जमेल तेवढं सगळं केलं. पाठीचा फिजिओ चालूच होता, त्याने पाठीला खरंच फरक पडला, छाती फुगवण्याचे व्यायाम विशेषतः, कारण मणके आणि बरगड्या आखडल्या की श्वासही उथळ होतो. पण घसा सुधारेना. चारचौघात जेवायला बसणं मी बंद केलं. लग्नकार्याला जायचं आणि न जेवता परतायचं, आणि मग वजन परत उतरायला लागलं आणि एकदा छातीत कफ होऊन ताप आला, फोटोत उजव्या फुफ्फुसात खाली डाग दिसला. तिथे सर्जन म्हणाले की आता वाट बघण्यात अर्थ नाही.

ऑपरेशन असं की मानेच्या पुढून एका बाजूला छेद घेतात, अन्ननलिका आणि श्वासनलिका अलगद बाजूला सरकवतात आणि मणक्यांसमोरचं वाढलेलं हाड ड्रिलने घासून काढतात. माझ्या बाबतीत स्क्रू, प्लेट काही घालायचं नव्हतं. धोके त्यांनी न लपवता सांगितले, आवाजाची नस दुखावली तर आवाज बसू शकतो, अन्ननलिकेला छिद्र पडू शकतं, आत रक्त साठलं तर श्वासाला अडथळा येतो, सुरुवातीला सुजेमुळे गिळणं आहे त्यापेक्षा वाईट होऊ शकतं, आणि काही वर्षांनी हाड परत वाढू शकतं. मी आणि बायकोने विचार केला, दुसऱ्या एका सर्जनचं मत घेतलं, त्यांनीही तेच सांगितलं. मला निर्णय घ्यायला सगळ्यात मदत कशाची झाली असेल तर व्हिडिओची, कारण त्यात अडथळा नेमका हाडाचाच आहे हे दिसत होतं. या वयात गिळण्याचा त्रास स्ट्रोकमुळे, पार्किन्सनमुळे, इतर कितीतरी कारणांनी होतो आणि एक्सरेत हाड दिसलं म्हणजे दोष त्याचाच असं नसतं. ते तपासून घेतल्याशिवाय मानेवर सुरी लावून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय.

आता भुलीबद्दल, कारण याबद्दल मला आधी कोणीच काही सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं डिश असलेल्या प्रत्येकाने, मग ऑपरेशन मानेचं असो की हर्नियाचं की आणखी कशाचं, हे वाचावंच. नेहमीच्या पद्धतीत आधी झोपवतात, मग डोकं मागे करून तोंडातून बघत श्वासनलिकेत नळी घालतात. माझी मान मागे जात नाही आणि घशाची मागची भिंत हाडाने पुढे आलेली, म्हणजे झोपवल्यावर नळी घालायची जागाच दिसली नाही तर श्वास थांबलेला आणि रस्ता सापडत नाही अशी वेळ. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशीच येऊन माझं तोंड किती उघडतं, मान किती हलते, सीटी, सगळं बघितलं आणि म्हणाले, काका, नळी तुम्ही जागे असतानाच घालणार आहे. मी घाबरलो. त्यांनी खुर्ची ओढून बसून सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अगदी तसंच झालं.

आधी लाळ सुकायचं इंजेक्शन, मग वाफेच्या मास्कमधून घसा बधिर करायचं औषध, नाकात थेंब, घशात फवारा, फवारा कडू असतो आणि थोड्या वेळाने आपलाच घसा आपला वाटत नाही, गिळलं की नाही कळत नाही. थोडंसं शांत वाटायचं औषध सलाईनमधून, पण शुद्ध पूर्ण. मी जवळपास बसलेल्या स्थितीत होतो, डोक्याखाली घड्या घालून माझी मान जशी राहते तशीच ठेवलेली, कोणी ती सरळ करायचा प्रयत्न केला नाही. मग नाकातून बारीक स्कोप आणि त्याच्यावर ओवलेली नळी. डॉक्टर सारखे बोलत होते, आता खोल श्वास घ्या, आता जरा खोकला येईल, येऊ दे, छान, आता झालंच. खोकला आला. स्वरयंत्रातून नळी गेली की आवाज निघत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं नसतं तर मी घाबरून हात झाडले असते. नर्सने हात धरला होता. मी हाताने ठीक आहे म्हणून खूण केली आणि त्यानंतर झोपेचं औषध. वेदना नाही, अस्वस्थता आहे, पण सहन होते. त्या डॉक्टरांचे मी कितीही आभार मानले तरी कमीच आहेत.

ऑपरेशननंतर मानेतून एक ड्रेनची नळी आणि नाकातून पोटात एक नळी. पहिले दिवस मला वाटलं आगीतून फुफाट्यात आलो, थुंकी सुद्धा गिळता येईना, आवाज कुजबुजल्यासारखा. हे होणार हे सांगितलेलं होतं तरी मन ऐकत नाही. परत व्हिडिओ स्वॅलो केला, सूज होती पण झाकण आता पूर्ण वळत होतं, ते बघून हायसं वाटलं. आधी घट्ट केलेलं पातळ, मग मऊ, मग हळूहळू सगळं. आवाज परत यायला गिळण्यापेक्षा जास्त वेळ लागला. स्पीच थेरपिस्टचे व्यायाम चालूच होते, ते सोडू नका, हाड गेलं तरी स्नायू इतके महिने चुकीचं काम करायला शिकलेले असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आता, कारण घसा अडकणारे थोडे असतात पण हे डिश असलेल्या प्रत्येकाला लागू आहे. जोडलेला कणा मजबूत झालाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो जास्त सहज मोडतो. मणके सुटे असतात तेव्हा धक्का वाटला जातो, जोडलेले असले की सगळा जोर एका जागी येतो आणि कणा हातापायाचं लांब हाड मोडावं तसा आरपार मोडतो, तेही उभ्याउभ्या पडण्याने किंवा खुर्चीवरून मागे पडण्याने. साध्या एक्सरेवर हा फ्रॅक्चर सुटू शकतो, कारण हाड इतकं वाढलेलं असतं की बारीक भेग दिसत नाही, आणि मग माणूस घरी जातो, चालतो आणि काही दिवसांनी मोडलेला भाग सरकून मज्जारज्जूला इजा होते. हे मला सर्जननी डिस्चार्जच्या वेळी मुलीसमोर दोनदा सांगितलं होतं.

आणि ते उपयोगी पडलं. नंतर काही महिन्यांनी मी ओल्या फरशीवर घसरून पाठीवर पडलो. डोकं आपटलं नाही, उठूनही बसलो, पण मानेखाली नवीन दुखायला लागलं. इमर्जन्सीमध्ये एक्सरे काढला, तिथल्या तरुण डॉक्टरने नॉर्मल आहे, दुखण्याची गोळी घ्या म्हणून सांगितलं. मुलीने माझ्या पाकिटातला कागद काढला आणि म्हणाली, यांना डिश आहे, साध्या एक्सरेवर चालणार नाही, पूर्ण कण्याचा सीटी हवा, आणि यांची मान सरळ करू नका, आहे त्या बाकात आधार द्या. तो मुलगा चांगला होता, त्याने वरिष्ठांना फोन केला, सीटी झाला. फ्रॅक्चर नव्हतं. पण त्या रात्री आम्ही सगळे झोपू शकलो ते त्या सीटीमुळे.

कागदावर काय लिहिलंय ते सांगतो म्हणजे कोणाला तसाच करून घेता येईल. आजाराचं नाव, मान आणि पाठीचे मणके जोडलेले आहेत, पडल्यास किंवा अपघात झाल्यास लक्षणं नसली तरी सीटी करावा, मान नेहमीच्या स्थितीतच ठेवावी, जबरदस्तीने कॉलर घालू नये, भूल देताना नळी घालणं अवघड आहे, मागच्या वेळी जागेपणी स्कोपने घातली होती. खाली सर्जनची सही आणि फोन. हाच कागद मी दातांच्या डॉक्टरांनाही दाखवतो, कारण ते खुर्ची मागे करून डोकं खाली घेतात. आणि मान झटक्यात वळवून कट्‌ आवाज काढून देणाऱ्या कोणाच्याही हातात मी मान देत नाही. उद्या खुबा बदलायची वेळ आली तर तेव्हाही हा आजार आधी सांगायला हवा, कारण डिशवाल्यांमध्ये नवीन सांध्याभोवती नको तिथे हाड धरण्याची शक्यता जास्त असते आणि ते टाळण्यासाठी आधीच उपाय करता येतात.

अजून एक, हाडांची घनता मोजायची डेक्सा टेस्ट झाली तेव्हा कमरेच्या मणक्यांचा आकडा एकदम छान आला. डॉक्टर म्हणाले यावर विश्वास ठेवू नका, वरचं जादा हाड मोजलं गेल्यामुळे आकडा फुगतो, खुब्याचा आकडा बघा. तो काही तितका छान नव्हता. त्यावर आता औषध चालू आहे. डिश असलेल्या कोणाला मणक्याच्या आकड्यावरून तुमची हाडं उत्तम आहेत असं सांगितलं असेल तर खुब्याचा आकडा जरूर विचारा.

हा आजार आजकालच्या राहणीमुळे आला असं काही जण मला सांगतात. राहणीचा हात असेलही, पण इजिप्तच्या फेरोंच्या ममींचे सीटी काढले तेव्हा दुसरा रामसेस आणि आणखी काही राजांच्या कण्यात हाच आजार दिसला असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि रामसेसला त्याआधी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस होता असं समजत होते. म्हणजे दोन आजारांचा गोंधळ राजालाही चुकला नाही. मला हे वाचून बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही, पण वाटलं.

सध्या मी सगळं खातो, गोळी एका घोटात जाते, वजन स्थिर आहे, शुगर पूर्वीपेक्षा बरी आहे. पाठ सकाळी अजूनही आखडते, ती तशीच राहणार. मागच्या एक्सरेत घासलेल्या जागेच्या खालच्या कडेला थोडं नवीन हाड दिसतंय, घशाला लागत नाहीये, सर्जन म्हणाले वर्षातून एकदा बघत राहू आणि घास अडकायला लागला तर तारखेची वाट न बघता या. धाकट्या भावालाही शुगर आहे आणि त्याची टाच दुखते, त्याला घेऊन पुढच्या आठवड्यात त्याच र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे जातोय.